पातेरा

उतारावर भरलेली ट्रॉली मागून ढकलायला लागली, तसा काल मिनी ट्रॅक्टर थांबवला. मागे जोडलेलं पाला ओढणारं यंत्र भाड्याने आणलं होतं. ते पातेरा, म्हणजे झाडांखाली पडलेला सुका पाला, खेचतं, आतल्या पात्यांनी बारीक करतं आणि मागे साठवतं. उतारावर सरळ वर-खाली चालवावं, आडवं घेतलं तर उलटायची भीती. मी तेवढं सांभाळत होतो.

अर्धी बाग लख्ख झाली होती. दगडी गडग्यापलीकडून, म्हणजे कुंपणापलीकडून, काकू म्हणाल्या, "पातेरा सगळा नेलास, आता पावसात माती कोण धरणार रे?"

काहीच बोलता आलं नाही. न झाडलेल्या एका कलमी झाडाखाली बसलो आणि हाताने पातेरा बाजूला केला. वरची पानं कुरकुरीत, खालची काळपट, भुगा झालेली, त्यात पांढरे बुरशीचे धागे. मातीला हात लावला तर मे महिन्यातही गार. झाडलेल्या बाजूला नुसती लाल धूळ, वीतभर खाली जांभा दगड. रत्नागिरीत चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ही माती किती टिकेल?

वणव्याची भीतीही खरीच आहे. म्हणून रस्त्याकडेचा आणि गडग्यालगतचा पट्टा तेवढा मोकळा ठेवला. बाकी सगळा चुरा संध्याकाळपर्यंत टोपलीने परत कलमांच्या आळ्यांत नेऊन पसरला. बारीक झालेला पाला वाऱ्याने उडत नाही, लवकर कुजतो.

पूर्वी हाच पातेरा भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला जायचा. तुम्ही तुमच्या बागेत त्याचं काय करता?