क्लबाची घरपट्टी आणि शनिवारचा बार

न्यूझीलंडला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी गावातल्या क्रिकेट क्लबात नाव घातलं. यंदा क्लबाने मला खजिनदार केलं आणि पहिल्याच महिन्यात कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, ‘रेट्स’चं बिल हातात पडलं. रेट्स म्हणजे आपली घरपट्टी. जमीन कौन्सिलची असली, तरी आमचा नोंदणीकृत भाडेकरार दहा वर्षांहून मोठा आहे, आणि अशा करारात तशी अट असली की बिल भाडेकरूच्याच नावाने निघतं.

रक्कम मोठी वाटली म्हणून मी थेट कायदाच वाचायला घेतला. २००२च्या ‘लोकल गव्हर्नमेंट रेटिंग ॲक्ट’च्या पहिल्या परिशिष्टात खेळांच्या संस्थांच्या जमिनीला निम्मी सूट आहे. घोड्यांच्या आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींना ती मिळत नाही, सभासदांच्या खासगी नफ्यासाठी वापरलेल्या जमिनीलाही नाही. आम्ही तर सगळे बिनपगारी, तेव्हा बिलातच चूक असणार असं मी धरून चाललो होतो. मग पुढची अट वाचली: ज्या जागेसाठी दारूविक्रीचं ‘क्लब लायसन्स’ चालू आहे, तिला ही सूट नाही.

आमचा बार म्हणजे एक काउंटर आणि दोन फ्रिज. सभासदच पाळीपाळीने उभे राहतात. क्लब लायसन्सवर सभासदांना, त्यांच्या पाहुण्यांना आणि ज्या क्लबांशी परस्पर ये-जा ठरली आहे त्यांच्या सभासदांनाच दारू विकता येते; रस्त्यावरून कुणीही आत शिरावं अशी ती जागा नाही. जे चार पैसे उरतात त्यातून लहान मुलांचे पॅड आणि चेंडू येतात.

समजा, सर्वसाधारण रेट्स ६,००० डॉलर आहेत. बार नसता तर ३,००० भरावे लागले असते. पाणी, सांडपाणी आणि कचऱ्याचे वेगळे आकार मात्र सूट असो वा नसो, भरावेच लागतात.

कौन्सिलची बाजूही मला पटते. वर्षभरात किती गोळा करायचं हे आधी ठरतं, त्यामुळे आम्हाला सोडलेला पैसा शेजारच्या घरांवर पडतो. कोपऱ्यावरचा पब तर पूर्ण रेट्स भरतो. पण या अटीत मोजलं जातं ते लायसन्स, विक्री नव्हे. फक्त शनिवारी दोन तास काउंटर उघडणारा क्लब आणि रोज रात्री गजबजणारा क्लब दोघेही सारखीच सूट गमावतात. हे मला अन्यायाचं वाटतं.

कमिटीत एकाने सुचवलं, लायसन्सच सोडून देऊ. वर्षातून दोन-तीन कार्यक्रमांपुरतं ‘स्पेशल लायसन्स’ काढू. हिशेबाने ते बरोबरही होतं. तेव्हा चाळीस वर्षं याच मैदानावर खेळलेले एक आजोबा म्हणाले, “मॅच संपली की सगळे गाडीत बसून निघून जातील. मग नव्या माणसाला बोलतं कोण करणार?”

मला माझी पहिली संध्याकाळ आठवली. मी दारू घेत नाही. हातात लेमनेडचा ग्लास घेऊन कोपऱ्यात उभा होतो, तेव्हा याच आजोबांनी मला टेबलावर ओढून बसवलं. भाड्याचं घर कुठे मिळेल, मुलीला कुठल्या शाळेत घालावं, हे मला त्या टेबलावर कळलं. हिशेब माझ्याच हातात होते, तरी मी लायसन्स ठेवण्याच्या बाजूने हात वर केला.

एक वाट अजून आहे. कायद्याच्या पलीकडे कौन्सिलला स्वतःच्या धोरणाप्रमाणे रेट्समध्ये माफी देता येते. ही धोरणं गावागणिक वेगळी असतात आणि बहुतेक ठिकाणी अर्ज करावा लागतो. आमच्याकडे तो कुणी केलाच नव्हता. गेल्या रविवारी मी तो भरला. बारची विक्री वेगळी दाखवली, ती कशावर खर्च झाली ते लिहिलं, आणि शनिवारी सकाळी येणाऱ्या मुलांची यादी जोडली. उत्तर आलं की इथेच कळवेन.