दापोली ते जयगड: पावसाआधी गुरांच्या लसींचं वेळापत्रक ठरवताना

दापोलीहून दाभोळ, फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर आणि तवसाळहून पुन्हा बोटीने जयगड, असा मे महिन्यातला आमचा रस्ता. मावसभाऊ आणि मी मिळून कोकण कपिला गाई आणि थोड्या म्हशी पाळायला घेतोय. त्यांना कुठली लस कधी टोचायची, हे इथल्याच गुरंवाल्यांकडून आणि वाटेतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून समजून घ्यायचं होतं.

खरी अडचण गुहागरजवळच्या एका वाडीत कळली. भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटतात, ती पेरणीपर्यंत. लस येते तेव्हा गुरं डोंगरावर. तिथल्या काकी म्हणाल्या, "दिवसाची शोधून गावायची नाहीत. तिन्हीसांजेला पेजेची बादली वाजवा, आपसूक येतील." आणि आलीच. रात्री दावणीला बांधलेली गुरं पहाटे सोडायच्या आधी डॉक्टरांनी एकेक करून टोचली. बाटली ते दर वेळी तळव्यांत हळूहळू फिरवून घेत. तेलातली लस खाली बसली तर एकाला कमी, दुसऱ्याला जास्त जाते.

तेव्हा वेळापत्रक पावसापासून मागे मोजत या. तळकोकणात मान्सून साधारण 7 जूनच्या आसपास येतो आणि लस अंगात भिनायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे घटसर्पाची लस मेच्या मध्यापर्यंत झालीच पाहिजे. हा जंतू धडधाकट जनावराच्या घशातही असू शकतो. पावसात भिजणं, चाऱ्याची ओढाताण, नांगरणीचे कष्ट यांनी तो उसळतो. जोराचा ताप, गळ्याखाली सूज, श्वासाची घरघर, आणि म्हैस दिवसभरात हातची जाते. म्हशींना धोका जास्त, म्हणून आमच्या यादीत त्या पहिल्या.

फऱ्याची, म्हणजे मांसल भागाला सूज आणून जनावर लंगडवणाऱ्या रोगाची लसही याच सुमारास. सहा महिने ते दोन वर्षांची, अंगाने भरलेली वासरं आधी धरा, कारण हा रोग नेमका त्यांनाच गाठतो. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी. वासराला पहिली चौथ्या महिन्यात आणि महिन्याभराने बूस्टर. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती फुकट टोचतात, मात्र कानात 12 अंकी बिल्ला हवा. तो आधीच मारून घ्या. घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या-खुरकूत तिन्हींची एकत्र लसही मिळते. गुरं वर्षातून फार वेळा हाताशी येत नसतील, तर मला ती सोयीची वाटते.

लम्पी या गुरांच्या त्वचारोगाने 2022 मध्ये राज्यभर काय केलं ते आठवत असेलच. गाईंना ती लस दरवर्षी द्याच. ब्रुसेलाची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या रोगाची लस फक्त 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना, जन्मात एकदा. ही लस जिवंत जंतूंची आहे, माणसालाही बाधू शकते. टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घालावा, घरच्या घरी हा उद्योग करू नये. मोठ्या गाई विकत घेताय? मग रक्ततपासणी करूनच दावणीला आणा. फाशी या रोगाची (अँथ्रॅक्स) लस आम्ही घेणार नाही. तो रोग ज्या भागात होऊन गेलाय, तिथेच ती द्यायची असते.

जंतनाशक पंधरा दिवस आधी पाजा. आजारी किंवा आठवड्या-दोन आठवड्यांत विणारं जनावर वगळा, पण वहीत नाव लिहून ठेवा आणि नंतर न विसरता टोचून घ्या. टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध घटतं, मानेवर गाठ येते. तेवढ्याने घाबरू नका.

लस स्वतः आणणार असाल, तर पेटीत 2 ते 8 अंश राखा. बर्फाला बाटली थेट टेकली की तेलाची लस गोठते आणि वाया जाते, मध्ये कागदाची घडी घाला. मे महिन्यात बोटीसाठी गाड्यांची रांग लागते. तेवढा वेळ पेटी बंद गाडीत ठेवू नका, उतरवून सावलीत घेऊन बसा. वाटेत किंवा घरी जनावर अडलं तर 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा.