जमिनीवरचा माल

भोसरी एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. जागा 1800 स्क्वेअर फूट, त्यात तीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं, दोन जुने लेथ आणि दाराजवळ बँडसॉ, म्हणजे स्टीलचे लांब बार कापायची करवत. खंडेनवमीला आम्ही सगळे मिळून मशिनं पुसतो, फरशी धुतो, झेंडूचे हार घालतो. दिवाळी होऊन आठवडा झाला की बँडसॉपाशी बारचा ढीग पुन्हा उभा राहायचा. पोरांना शिस्त नाही, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्या ढिगातून खालचा बार ओढताना वरचा 50 एमएमचा राऊंड, म्हणजे गोल बार, गडगडत आमच्या हेल्परच्या पायावर आला. एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 हा बारच्या वजनाचा हिशोब आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. 50 चा राऊंड मीटरला जवळजवळ साडेपंधरा किलो भरतो, म्हणजे तीन मीटरचा तो बार 46 किलोंचा. सेफ्टी शूजमुळे बोटं वाचली, पण नडगीला मार बसला. तीन आठवडे तो घरी होता. त्या दिवसांत मला नीट झोप लागली नाही.

ऑडिटसाठी लावलेला फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा नीट ठेवायच्या पाच पायऱ्यांच्या जपानी पद्धतीचा, तक्ता आमच्या भिंतीवर होताच. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. तेव्हा तो पहिल्यांदा नीट वाचला. शिस्त त्यात पाचव्या नंबरवर आहे. नको ते काढणं आणि हव्या त्याला जागा देणं ही पहिली दोन कामं माझी होती, आणि ती मीच केली नव्हती.

म्हणून आधी काढायला घेतलं. बंद पडलेल्या ऑर्डरचे बार, मशिनवर माल पकडून ठेवणारी गंजलेली फिक्स्चरं, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले तुकडे. 740 किलो भंगार निघालं.

मग रॅक. मागच्या भिंतीला जागा मोकळी होती, मी तिथेच माप घेत होते. हेल्पर तोवर कामावर आला होता. म्हणाला, "ताई, तिकडं नको. तिकडून बार कोण आणणार? पोरं परत हितंच टाकतील." त्याने खडू घेतला आणि बँडसॉच्या रोलरच्या रेषेत जमिनीवर चौकोन आखला.

रॅक तिथेच बसला. चॅनलचे खांब, त्यांना पुढे आलेले हात, प्रत्येक हाताच्या टोकाला स्टॉपर, आणि खाली अँकर बोल्ट. 40 च्या वरचे बार बरोबर रोलरच्या उंचीला ठेवलेत. ते उचलावे लागत नाहीत, ओढले की सरळ रोलरवर येतात. हलके, बारीक बार वर, पण खांद्याच्या वर काहीच नाही.

बारच्या टोकांना रंग दिला. ईएन 8 आणि ईएन 24 हे स्टीलचे दोन प्रकार. आमच्याकडे ईएन 8 ला पिवळा, ईएन 24 ला निळा. कापायचं नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून, म्हणजे शेवटच्या तुकड्यापर्यंत मटेरियल कळतं. याआधी ढिगातून ईएन 24 समजून ईएन 8 उचललं गेलं होतं आणि 120 जॉब, म्हणजे बनवलेले भाग, हीट ट्रीटमेंटनंतर हार्डनेसला बसले नव्हते, हवा तेवढा कडकपणा त्यांना आला नव्हता. तो सगळा माल भंगारात गेला आणि ग्राहकापुढे मान खाली घालावी लागली. पसाऱ्याने जागा अडते हे सगळ्यांना दिसतं. मटेरियलची सरमिसळ मात्र जॉब तयार होऊन परत येईपर्यंत दिसत नाही, म्हणून मला तिची जास्त धास्ती वाटते.

150 एमएमच्या आतला तुकडा शनिवारी भंगारात जातो. हा नियम पोरांनीच केला. मला अजून जड जातं, पण मी मध्ये पडत नाही.

फिक्स्चरचा कोपरा तेवढा राहिलाय. एकावर एक रचलेली, खालचं काढायला वरची चार उचलावी लागतात. रविवारी फॅब्रिकेटर माप घ्यायला येणार आहे. खडू मी काल संध्याकाळीच हेल्परच्या हातात दिला.