समुद्र गेला, कुरव राहिले

ॲमस्टरडॅमच्या योर्दान भागात वाट चुकायला काहीच कष्ट पडत नाहीत. शेजारचे बडे कालवे ऐटीत शहराला वळसा घालतात, योर्दानमधले मात्र तिरपे धावतात. सतराव्या शतकात शहर वाढलं तेव्हा कुरणांतले जुने चर बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, त्यांच्याच रेघांवर कालवे आणि गल्ल्या काढल्या. कामगारांची वस्ती, तिच्यासाठी नकाशा कोण आखणार! आज तिथली घरभाडी ऐकून माणूस कालव्यात पडेल.

मी तिथे जातो कुरव, म्हणजे सीगल, बघायला. ब्लूमग्राख्त कालव्याच्या कठड्यावर हिवाळ्यात त्यांची रांग लागलेली असते. काळ्या डोक्याचे कुरव नाव लावतात आणि हिवाळ्यात डोकं पांढरं, डोळ्यामागे काळा ठिपका तेवढा. एलिफंटाच्या लाँचमागे वेफर्ससाठी कल्ला करणाऱ्या थव्यांत यांचेही भाऊबंद असतात. दुसरा तो हेरिंग कुरव. अंगाने दांडगा, गुलाबी पायांचा, पिवळ्या चोचीवर लाल ठिपका. पिल्लं त्या ठिपक्यावर चोच मारून घास मागतात. निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने चक्क पुठ्ठ्याची डोकी पुढे करून पिल्लं नेमकी कशाला भुलतात ते तपासलं होतं. १९७३च्या नोबेल मानकऱ्यांत ते होते.

पण समुद्र कुठे आहे? पूर्वी झाउडरझे या खाडीची भरती थेट शहरापर्यंत यायची. १८७२मध्ये पूर्वेला ओरान्ये झडपा बांधून तिला अडवलं. १९३२मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून अख्ख्या खाडीचंच तळं केलं. आता झडपा आणि पंप लावून कालव्यांतलं पाणी बदलतात. समुद्राला इतकं पद्धतशीर हाकललेलं शहर दुसरं नसेल. कुरवांना मात्र कुणी नोटीस दिली नाही. ते सपाट गच्च्यांवर अंडी घालतात, फुटपाथवरच्या कचऱ्याच्या पिशव्या फाडतात आणि बागेतल्या हिरवळीवर पाय आपटत राहतात. त्या थापांनी गांडुळं वर येतात. हे नाचकाम मी कितीही वेळ बघू शकतो. शेजारी पाण्यात चांदवे प्लास्टिकची घरटी रचत असतात, त्यांच्याकडे नंतर लक्ष जातं.

लिंडेनग्राख्त नावापुरता कालवा उरला आहे, १८९५मध्येच तो बुजवला. तिथे शनिवारी बाजार भरतो. पाणी नाही, पण मासळीच्या गाड्या आहेत, म्हणजे कुरवांच्या हिशेबी किनारा आहेच. बाजार उठायच्या वेळेला आसपासच्या कौलांवर ते ओळीने हजर. माझ्या मते योर्दानमध्ये समुद्र नेमका किती शिल्लक आहे हे या कौलांवर दिसतं, वस्तुसंग्रहालयातल्या जहाजांवर नाही.

गाडीवर हेरिंग मासा घ्या, बारीक कांदा आणि काकडीचं लोणचं घालून देतात. खाताना मात्र फोनमध्ये डोकं घालू नका. २०१९मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की माणूस टक लावून बघत असेल तर हेरिंग कुरव घासाजवळ यायला जास्त वेळ लावतो. मी तेव्हापासून कौलांकडे रोखून बघत खातो. मागून येणाऱ्याचं काय करायचं, ते त्या संशोधनात नाही.