जुलैतली नर्सरी: आधी बाग, मग कुंड्या

हिवाळ्यात जिथली जमीन दगडासारखी गोठते, अशा भागातली ही छोटी नर्सरी. नवरा-बायको दोघंच ती चालवतात. थंडीला दाद न देणारी, वरून मरून वसंतात पुन्हा मुळातून फुटणारी बहुवर्षायू झाडं, एवढंच ते विकतात. पुढे रोपांची चार लांब टेबलं आणि मागे बाग. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि ताई तिथे गेलो, आणि शिरल्या शिरल्या चूक केली. थेट टेबलांकडे धावलो. अर्ध्या तासात ट्रॉली भरली, तीही फुललेल्या रोपांनीच.

मालकीणबाई आल्या, ट्रॉलीकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "हे राहू दे इथेच. आधी मागची बाग बघून या."

तुम्हीही हेच करा. नऊ सेंटिमीटरच्या कुंडीत मुठीएवढी दिसणारी 'सिक्स हिल्स जायंट' जातीची नेपेटा बागेत जवळजवळ मीटरभर पसरून वाट अडवून बसली होती. आम्ही तीन उचलल्या होत्या. परत आल्यावर दोन मुकाट्याने जागेवर ठेवल्या.

बागेत एक गंमत दिसली. फ्लॉक्सचा एकच ताटवा, पण मागची झाडं उंच आणि फुललेली, पुढची बुटकी आणि नुसत्या कळ्यांची. वाटलं, दोन जाती असतील. तसं नव्हतं. मेअखेरीस पुढची झाडं निम्मी छाटली होती, त्यामुळे मागची संपत आली की पुढची सुरू होणार. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास करतात म्हणून या छाटणीला 'चेल्सी चॉप' म्हणतात. हेलेनियम आणि सेडमलाही ती चालते. आयरिस, पिओनीवर मात्र हा प्रयोग करू नका, वर्षाची फुलं जातील.

जिरेनियमच्या वाफ्यात काही देठांना जाळीच्या इवल्या पिशव्या बांधलेल्या. मी उकिडवी बसून बघत राहिले. या फळाला बगळ्यासारखी चोच असते. ती वाळली की तिच्या पाच पट्ट्या खालून सुटतात, झटक्यात वर वळतात आणि बी दूर भिरकावतात. पिशवी एक दिवस उशिरा बांधली, तर बी गेलंच. शेजारी स्टॅकिसच्या लोकरी पानावर एक जाडसर मधमाशी ती लव खरवडून तिचा गोळा करत होती, घरट्यासाठी. पंधरा मिनिटं तिथेच गेली. ताई वैतागली.

आता खरेदीचं. टेबलाच्या कोपऱ्यात छाटलेली, केविलवाणी दिसणारी रोपं होती. बाईंनी त्यातलं एक बोटांत धरून कुंडी उलटी केली, काठ टेबलावर ठोकला. मातीचा गोळा अख्खा बाहेर आला, पांढरी मुळं त्याला धरून होती. मग आमच्या ट्रॉलीतलं फुललेलं डेल्फिनियम तसंच काढलं: तळाशी मुळांचं भेंडोळं, कुंडीत जागाच उरली नव्हती. फुलाच्या मोहात पडू नका, मूळ दाखवायला सांगा. चांगला नर्सरीवाला नाही म्हणत नाही.

झाड किती थंडी सोसतं ते सांगणारे लेबलावरचे आकडे नीट वाचा, कारण दोन पद्धती उलट चालतात. ब्रिटिश पद्धतीत आकडा जितका मोठा, तितकं झाड काटक: एच ७ म्हणजे उणे २० अंशांच्याही खाली टिकणारं, एच ३ फार तर उणे ५ पर्यंत. अमेरिकी झोनमध्ये, म्हणजे थंडीनुसार पाडलेल्या प्रदेशांत, आकडा जितका लहान, तितका प्रदेश थंड. आणि आकड्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे ओल. एकिनेशिया कडाक्याच्या थंडीत तगते, पण हिवाळाभर चिखलात उभी राहिली तर सडते. निचरा नसेल तर ती घेऊच नका.

आमची फजिती परतीच्या वाटेवर. रोपं गाडीत ठेवली, काचा बंद केल्या आणि जेवायला थांबलो. तासाभराने आलो तर अ‍ॅस्ट्रॅन्शिया मान टाकून बसलेली. एरिंजियम मात्र जणू काही झालंच नाही. खरेदी शेवटचा थांबा ठेवा, खोल खोकी न्या, गाडी सावलीत लावा. घरी पोचताच कुंड्या पाण्याच्या बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. अ‍ॅस्ट्रॅन्शिया रात्रीतून उठली.

लगेच जमिनीत लावायची घाई आम्ही केली नाही. भर उन्हाळ्यात लावलं तर रोज पाणी घालायला हवं, आणि आम्ही दोघीही तशा नाही. कुंड्या भिंतीच्या सावलीत आहेत, सप्टेंबरात माती उबदार आणि ओलसर असेल तेव्हा लावू.

निघण्याआधी उघडण्याचे दिवस तपासा, अशा छोट्या नर्सऱ्या रोज उघड्या नसतात. आणि आवडलेल्या झाडाचा फोटो काढताना त्याची पाटीही फोटोत येऊ द्या. माझ्याकडे चाळीस सुंदर फोटो आहेत आणि त्यातल्या सहाच झाडांची नावं कळतात. पुढच्या वेळी कॅमेरा ताईकडे.