कांदा चाळ, द्राक्षबाग आणि सापांचं वर्ष : माझा अनुभव

निफाडकडे पारा दहाच्या खाली उतरला की "गेले साप बिळात" म्हणत लोक बिनधास्त होतात. पण घोणशींचं मिलन याच दिवसांत असतं. रात्री त्या गप्प असतात. दहा-अकराला ऊन चढलं की बांधावर नाहीतर उसाच्या पाचटात उन्हाला येऊन पडतात. म्हणून आमच्याकडे थंडीतही गमबूट सक्तीचे, आणि द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांचा ढीग दाताळ्यानेच ओढायचा. मे ते जुलैत घोणशीला पिल्लं होतात, एका वेळी वीस-चाळीस, जन्मतःच विषारी.

खरं काम चाळीचं, म्हणजे कांदा साठवायच्या शेडचं. ते उन्हाळ कांदा भरायच्या आधी, चाळ रिकामी असतानाच उरकून घ्यावं. तळाखाली हवेसाठी दीड-दोन फूट पोकळी असते. तिथे आधी उंदीर येतात, त्यांच्या मागे धामण आणि नाग. ही पोकळी विटांनी बुजवली तर हवा कोंडते आणि कांदा सडतो. मी सगळीकडून पाव इंची लोखंडी जाळी मारतो, वीतभर जमिनीत गाडून आणि खालची कड बाहेरच्या बाजूला वळवून. नाहीतर उंदीर खालून पोखरतात आणि तीच वाट सापाची होते. अर्धा इंची जाळी स्वस्त पडते, पण नागाची पिल्लं त्यातून आरामात जातात. उन्हाळ्यात घातलेली अंडी साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे चाळ भरलेली असतानाच फुटतात. नायलॉनची जाळी तर नकोच. साप तिच्यात गुंततो आणि सोडवायला जाणाऱ्याला चावतो. फिनेलने काही होत नाही, नुसता वास.

पावसात बिळांत पाणी शिरतं, बेडूक वाढतात आणि रात्रीची मण्यार घरात येते. तिचा दंश फारसा दुखत नाही, झोपेत कळतही नाही. चाळीवर राखणीला जमिनीवर झोपायचं नाही. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली. दंशाची नुसती शंका आली तरी आवळपट्टी न बांधता, चिरा न मारता, हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

धामणीला नाग समजून मारणारे अजून आहेत. धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. पण तेवढं जवळ जाऊन बघण्यापेक्षा वनखात्याच्या 1926 वर फोन लावा.