पाय कुठे गेले?

पर्यटन प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं, त्यामुळे आत शिरताना आईने सवयीने विचारलं, "जेवणाला काय आहे?" जेवण नव्हतं. सहलींचे स्टॉल होते, हातात कोंबली जाणारी पत्रकं होती आणि एरवी वधू-वरांना बसवतात त्या स्टेजवर दोन फिरत्या खुर्च्या होत्या. खुर्चीत बसायचं, डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे चहूकडे आभासी दृश्य उभं करणारा, हेडसेट चढवायचा आणि तीन-चार मिनिटांत जग बघून यायचं. फुकट.

रांग लांबलचक होती. सहलीच्या स्टॉलवर आपली माणसं किती चौकशा करतात! जेवण आपल्या पद्धतीचं का, बसमध्ये पुढची सीट मिळेल का, सोबत कुठली मंडळी आहेत. इथे कुणी एक अक्षर विचारत नव्हतं. रजा नको, व्हिसा नको, कुंड्यांना पाणी कोण घालणार हा घोर नको. असल्या प्रवासाला कोण नाही म्हणेल, असं मला पहिली दहा मिनिटं वाटलं. पुढची पंधरा मिनिटं पाय दुखत होते.

हेडसेट देणारी मुलगी प्रत्येकानंतर आतला स्पंज ओल्या कागदाने पुसायची. तरी त्यावर खोबरेलाचा एक तकतकीत पट्टा उमटलेला होताच. स्पंजला टिकल्याही चिकटून येत. त्या ती नखाने काढून टेबलाच्या कडेला ओळीने लावून ठेवत होती. मरून, हिरव्या, मध्येच एक खड्याची. "दिवसाला दहा-बारा निघतात," ती म्हणाली.

आमच्या पुढचे काका स्वित्झर्लंडला गेले. बहुधा केबल कारमध्ये असावेत, कारण खुर्चीचे हात घट्ट धरून ते एकदम मागे रेलले. दुसऱ्याच मिनिटाला हेडसेट वर सरकवला, तर चेहरा पिवळा पडलेला. "लागलं," काकू म्हणाल्या आणि पर्समधून आवळासुपारीची डबी काढली. निदान अचूक होतं. घाटात एसटी लागते तेव्हा कानाच्या आत बसलेलं तोल सांभाळणारं यंत्र सांगत असतं की आपण हलतोय, आणि पुढच्या सीटच्या पाठीला खिळलेले डोळे म्हणतात, छे, सगळं जागच्या जागी आहे. इथे डोळे आल्प्सवरून तरंगत होते आणि कान म्हणत होता, आपण मंगल कार्यालयात बसलोय. भांडण तेच, फक्त बाजू बदललेल्या. निकाल दोन्हीकडे पोटातच लागतो.

मग आईचा नंबर आला. यादीत स्वित्झर्लंड, दुबई, केदारनाथ आणि अजिंठा. आईने केदारनाथ मागितलं. गौरीकुंडापासून १६-१७ किलोमीटरचा चढ, मंदिर साडेतीन हजार मीटरच्याही वर, आणि आईचे गुडघे आमच्या दुसऱ्या मजल्यालाही राजी नसतात. मी मनात म्हटलं, या वस्तूचं खरं गिऱ्हाईक हेच. ज्यांना जाता येत नाही, तेच हौसेने हे डोळ्यांना लावणार.

आईने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग खाली. "अगं, माझे पाय कुठे गेले?"

ते कुठेच नव्हते. चहूकडचं एकदम टिपणारा कॅमेरा तिकाटण्यावर उभा असतो. खाली पाहिल्यावर ते तिकाटणं दिसू नये म्हणून तिथे कंपनीचं बोधचिन्ह नाहीतर एक धूसर वर्तुळ चिकटवून देतात. आई केदारनाथाच्या दारात होती, पण नुसती नजर म्हणून. "पाय नाहीत म्हणजे गुडघेही नाहीत, आजी. बरंच झालं की," सोबत आलेला माझा भाचा म्हणाला. ती हसली, आणखी एकदा मान फिरवली आणि "छान आहे" म्हणत हेडसेट काढायला लागली. ज्या केदारनाथाचं नाव निघालं की तिचा सुस्कारा ठरलेला, ते अडीच मिनिटांत उरकलं.

"अजिंठा लाव बरं," ती म्हणाली.

आईचं माहेर जळगावचं. १९७१ साली कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर ती एसटीने अजिंठ्याला गेली होती. त्यानंतर कधी नाही. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी समोर आला आणि ती बोलायला लागली. "इथे दाराशी एक माणूस आरसा घेऊन बसलेला. बाहेरचं ऊन आरशात धरायचा आणि आत भिंतीवर सोडायचा. तेवढाच तुकडा उजळायचा. त्याने आरसा हलवला की आम्ही सगळ्या पुढे सरकायचो." मग मैत्रिणीची तुटलेली चप्पल आली, ती बांधायला काढून दिलेली वेणीची रिबीन आली. सव्विसाव्या लेण्यातला आडवा बुद्ध चांगला सात मीटर लांब आहे. आईने त्याच्या डोक्यापासून पायांपर्यंत हवेत हात फिरवला, तेव्हा त्या मुलीला टेबलावरची पाण्याची बाटली घाईने उचलावी लागली. मध्येच आईने नाक मुरडलं. "वटवाघळांचा वास मेला अजून तसाच आहे."

हेडसेटमधून वास येत नाही. मी भाच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.

चार मिनिटांचा अजिंठा तिने तीनदा लावून घेतला. रांगेतून खाकरण्याचे आवाज यायला लागले, तिच्या कानावर गेले नाहीत.

माझा हिशोब सपशेल चुकला होता. न पाहिलेल्या केदारनाथात तिला कॅमेऱ्याने दिलं तेवढंच मिळालं. अजिंठ्यात मात्र ऊन, चप्पल, वास, बराचसा माल तिचा स्वतःचा होता आणि हेडसेटने फक्त जागा उघडून दिली. मग मी बाकीच्यांकडेही त्या नजरेने पाहायला लागले. ज्यांचा मुलगा दुबईत आहे अशा एक बाई दुबई लावून त्याची इमारत शोधत होत्या. त्यांनाही उठवावं लागलं.

तरी खरं दार बंद झालं की माणूस नकलेलाही राजी होतो. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेतली आदिमानवाची चित्रं माणसांच्या श्वासांनी खराब व्हायला लागली, म्हणून १९६३ साली ती गुहा लोकांसाठी बंद केली. १९८३ मध्ये जवळच तिची हुबेहूब प्रतिकृती उघडली, तर लोक ती बघायला लांबून येऊ लागले. अजिंठ्याच्या पायथ्याशीही १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या आहेत. पण खरी लेणी चार किलोमीटरवर उघडी असताना नकलेत कोण रमणार? (व्हीआरच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यात भिंतीवर नाव कोरता येत नाही. १८१९ साली वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, तेव्हा त्यानेही दहाव्या लेण्यात आपलं नाव ओरखडून ठेवलं. पुढे शेकडो जणांनी तोच कित्ता गिरवला.)

आणि आपल्याला हे सगळं अगदीच परकं आहे असंही नाही. पंढरपुरात पायांवर डोकं ठेवायला मिळालं नाही तर मुखदर्शन, तेही नाही तर लांबून कळसाला हात जोडायचे, अशी प्रतवारी लावलेलीच आहे. २०२० च्या आषाढीला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आमच्या शेजारचे आजोबा कित्येक वर्षांचे वारकरी. ते त्या वर्षी रोज सकाळी गॅलरीत उभे राहून म्हणायचे, आज माउली सासवडला असती. आज जेजुरीला. आज वाल्ह्याला. दिवे घाटाच्या दिवशी त्यांनी खरोखर पायाला तेल चोळून घेतलं होतं.

उठताना आईच्या हातात एक छापील कागद आला. प्रत्यक्ष जाण्याऐवजी असा प्रवास करायला आपण किती तयार आहात? १ ते ५ पैकी एका आकड्यावर गोल करा.

"कुठल्यासाठी? केदारनाथ की अजिंठा?" आईने विचारलं.

"तसं नाही आजी, एकूणच."

आईने चष्मा नाकावर नीट बसवला, थोडा विचार केला आणि १ वर एक आणि ५ वर एक असे दोन गोल काढले. मुलीने कागदाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि तो तसाच गठ्ठ्यात सरकवला.

रिक्षात आई गप्प होती. जिना एकेक पायरी मोजत चढली, मधल्या वळणावर थांबली. घरात आल्यावर तोंड धुवायला बेसिनपाशी गेली आणि तिथूनच हाक आली, "अगं, ही कुणाची?"

तिच्या रोजच्या बारीक काळ्या टिकलीच्या बोटभर वर, केसांच्या रेषेशी, एक मरून टिकली होती. पुसता पुसता एखादी त्या मुलीच्या नजरेतून सुटली असावी. आईने ती अलगद काढली, बोटावर धरून उजेडात पाहिली आणि आरशाच्या कोपऱ्यात स्वतःच्या चार-पाच टिकल्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्या शेजारी लावून ठेवली.